लंबूची हजेरी

३१ ऑगस्ट, रविवार

भावोजी, नमस्कार.

पाकीट फोडलंत हेच पुष्कळ झालं. आता पत्र घडी घालून बाजूला ठेवण्याआधी कामाचं तेवढं वाचा. आमच्या गावाने तुम्हाला मृत ठरवलं आहे.

हसू नका. आधी मीही हसले होते.

पुढच्या महिन्यात स्मृतिदिनाची तीन दिवसांची सुट्टी आहे. इथे त्या दिवसांत काय काय चालतं ते तुम्ही एकदा पाहून गेला आहात, नाक मुरडत का होईना. मुख्य रस्त्यावरचा एकेक दुकानदार गेलेल्या एकेका जवानाचा फोटो आपल्या काचेत मांडतो. खांबाखांबावर नावांची कापडं लागतात. न्हावी माजी सैनिकांचे केस फुकट कापतो आणि गप्पांनी त्यांचा जीव नकोसा करतो. रविवारी सकाळी मैदानावर हे माइकवर हजेरी घेतात. यंदा त्या हजेरीत तुमचं नाव आहे, आणि तुमचा फोटो चष्मेवाल्याच्या वाट्याला आलाय. तुम्हा दोघांच्या जुन्या फोटोतून तुम्हाला कापून काढलंय, त्यामुळे तुमच्या खांद्यावर यांचा हात तेवढा राहिलाय आणि हाताचा मालक गायब. दिसताय मात्र रुबाबदार.

झालं असं, की यांची आठवण गेल्या वर्षापासून हळूहळू चाललीय. पंपहाउसची नोकरी सोडून इतकी वर्षं झाली तरी दुपारी डबा मागतात आणि ड्यूटीवर निघतात. मी डबा देते, हे कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात, मग आम्ही दोघं मिळून तो डबा खातो. लेकीला माझी धाकटी बहीण समजतात. तुमचं भांडण साफ विसरले. पण भांडणानंतरचं तुमचं नसणं विसरले नाहीत, आणि त्या नसण्याचं कारण त्यांच्या डोक्याने आपलं आपणच शोधून काढलं. लंबू गेला. तिथे डोंगरावर, पलटणीतल्या बाकीच्यांबरोबर.

गावाने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. यांच्या भाषणांतून ऐकलेलं तेवढंच. त्या एका वेळेला आलात तेही मैदानाच्या मागच्या फाटकाशी चोरासारखे उभे राहिलात. त्यामुळे समितीचे चिटणीस नावं पक्की करायला घरी आले आणि यांनी तुमचं नाव सांगितलं, तेव्हा शंका घेणार कोण? चिटणीस म्हणजे ते, छातीवर कायम बिल्ला लावणारे. तुम्हीच त्यांना बिल्लेसाहेब म्हणाला होतात, आता आमच्या घरात तेच नाव पडलंय. यांचा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. कुठूनसं तुमचं पूर्ण नावही त्यांनी मिळवलं.

तर भावोजी, या. एवढंच मागणं आहे. सुट्टीच्या आधी एकदा दारात येऊन उभे राहा. यांनी तुम्हाला डोळ्यांनी पाहिलं की सगळं आपोआप निस्तरेल. सहा वर्षं झाली. इतका राग कोणी धरतं का? लहान मुलंसुद्धा जेवायच्या वेळेपर्यंत विसरतात.

वाट बघते.

वहिनी


६ सप्टेंबर, शनिवार

भावोजी,

उत्तर नाही. म्हणजे पत्र पोचलं आणि तुम्ही ते वाचलंत. न पोचलेलं पत्र पोस्टमन परत आणून देतो, आमचा पोस्टमन त्या बाबतीत चोख आहे.

मागच्या पत्रात मी बरंच हसून लिहिलं. आता जरा सरळ लिहिते.

रोज सकाळी डोळे उघडले की यांना पहिली आठवण तुमची होते. माझी नाही, लेकीची नाही, तुमची. ‘लंबू कुठे आहे?’ मी म्हटलं, आहेत, मजेत आहेत, की लगेच, ‘मग बोलाव की. इतके दिवस आला कसा नाही?’ खुर्ची उचलतात आणि दारात जाऊन बसतात. जेवायला उठत नाहीत, लंबू आला की एकत्र बसू म्हणतात. ऊन अंगावर येतं तरी हलत नाहीत. रस्त्यावरून कोणी जरा उंच माणूस गेला की अर्धे उठतात आणि पुन्हा बसतात. संध्याकाळी आत आणते तेव्हा मला विचारतात, ‘मी काय केलं गं त्याचं?’

आणि मी म्हटलं, लंबू गेले हो, तर बातमी आत्ताच आल्यासारखे रडतात. ढसाढसा. शेजारच्या भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतके. मग थांबतात, तोंड धुतात, चहा घेतात आणि उरलेला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

तुम्हीच सांगा मी काय करू. तुम्ही जिवंत असलात की माझा अख्खा दिवस जातो आणि मेलात की एक तास जातो. मी तास निवडला. वाईट वाटून घ्यायचं तर घ्या, पण आधी इथे येऊन एक दिवस काढून बघा.

डॉक्टर म्हणतात, त्यांच्याशी वाद घालू नका. लेक फोनवर म्हणते, ‘आई, बाबांना खोटं सांगत जाऊ नकोस, तो त्यांचा अपमान आहे.’ मी म्हटलं, ‘बाई, तू ये आणि चार दिवस तूच सांग खरं.’ म्हणाली, रजा नाही. दुरून डोंगर साजरे.

परवा समितीकडून कापडं आली. दर वर्षी माझ्याचकडे येतात. तीन कडा दुमडून टीप मारायची आणि वरच्या बाजूला दांडी जाईल इतका नेफा ठेवायचा. एकामागून एक नावं मशीनखालून चालली होती. बेकरीवाल्या बाईंचा मुलगा, पोस्टमनचा थोरला भाऊ, मग पलटणीतले ते सगळे. आणि एकदम तुम्ही. रंग अजून ओला होता, बोटाला लागला. पायडलवरचा पाय थांबला आणि टीप वाकडी गेली. उसवून पुन्हा मारली. जिवंत माणसाच्या नावाला टीप सरळ काय नि वाकडी काय. पण वाकडी टीप मी आजवर घरातून बाहेर जाऊ दिलेली नाही.

कापडं न्यायला बिल्लेसाहेब स्वतः आले. ‘वहिनी, या लंबूसाहेबांचे इथे कोणी नातेवाईक नाहीत ना?’ मी म्हटलं, नाहीत. ‘मग त्यांच्या नावाला हजर कोण म्हणणार?’

पद्धत आता बरीच पक्की झालीय. हे नाव घेतात आणि गेलेल्याच्या घरचं कोणीतरी गर्दीतून मोठ्याने ‘हजर’ म्हणतं. पलटणीतले डोंगरावर गेलेले इथले नाहीत, पण गावाने त्यांनाही आपलं मानलंय, त्यांच्यासाठी न्हावी, चष्मेवाला, असा एकेक जण ठरलेला आहे. तुमच्यासाठी अजून कोणी ठरलेलं नव्हतं.

‘तुम्हीच म्हणा,’ बिल्लेसाहेब म्हणाले. ‘घरच्याच तुम्ही.’

मी नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांनी त्यांच्या सोयीने घेतलं.

आता माझी अब्रू तुमच्या हातात आहे. या.

वहिनी


१२ सप्टेंबर, शुक्रवार

भावोजी,

तुमचं कार्ड मिळालं, नशिबाने पोस्टमन आला तेव्हा दारात मीच होते. दोन ओळी. ‘त्याच्या लेखी मी मेलो असेन तर तसंच राहू द्या. सगळ्यांच्याच सोयीचं आहे.’

वा! काय पण मनाचा मोठेपणा. सोयीचं कोणाच्या? माझ्या? रोज सकाळी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या जिवलग मित्राच्या मरणाची बातमी देणं, ही सोय? तुम्हाला मरायची हौस असेल तर तिकडे मरा, माझ्या स्वयंपाकघरात रोज कशाला मरता?

खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.

तुमचं भांडण मला ठाऊक नाही असं समजू नका. क्वार्टर्समध्ये आपल्या दोन घरांत एक भिंत होती, आणि तुम्ही दोघं त्या डोंगरावरून परत आल्यावर त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना किती दिवस कोणी बोलत नव्हतं ते मी पाहिलंय. यांनी मला ते एकदाच सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. लढाईनंतरच्या सकाळी यांनी नेहमीसारखी हजेरी घेतली. जिथे जिथे उत्तर आलं नाही, तिथे हे थांबले. यांना पुढचं नाव घेताच येईना. आणि मागच्या रांगेतून तुम्ही म्हणालात, ‘हजर.’ मग पुढचं नाव, पुन्हा तुम्ही. जितके गेले होते तितक्यांसाठी तुम्ही एकटे बोललात. कोणी तुम्हाला गप्प केलं नाही.

निवृत्त होऊन इथे आल्यावर यांनी त्याचीच गावासाठी पद्धत केली. मग माइक आला, खुर्च्या आल्या, गुच्छ आले, बिल्लेसाहेब आले. तुम्ही पाहायला आलात ते फाटकाशीच उभे राहिलात, आणि नंतर आमच्या घरी पानावर बसून म्हणालात, ‘ते मी त्या सकाळपुरतं बोललो होतो. तू त्याचा तमाशा केलास.’ हे म्हणाले, ‘तमाशा वाटत असेल तर पुन्हा येऊ नकोस.’ तुम्ही हात धुऊन गेलात. वाढलेलं तसंच राहिलं.

मला पुष्कळदा वाटतं तुमचंच बरोबर होतं. पण बेकरीवाल्या बाईंना बघा कधी. वर्षभर त्या आपल्या मुलाचं नाव काढत नाहीत, दुसऱ्या कोणी काढलं तर पाव मोजायला लागतात. त्या एका सकाळी मात्र सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा ‘हजर’ म्हणून ओरडतात, आणि सोमवारी दुकान उघडतात. त्यांनाही तमाशाच म्हणाल?

आता राहिलेलं लिहून टाकते, नाहीतर हेही पत्र अर्धंच जाईल. यांच्या डोक्याने आपलं आपणच शोधून काढलं वगैरे मी लिहिलं होतं ना, ते खोटं आहे. तुम्ही गेलात असं ते कधीच म्हणत नव्हते. तुम्ही येत का नाही, एवढंच विचारत होते. उन्हाळ्यात आठवडाभर रोज दारात बसले. एका दुपारी भोवळ येऊन खुर्चीवरून पडले, कपाळाला टाके पडले. दवाखान्यातून घरी आणलं, तर रक्ताळलेल्या शर्टानेच पुन्हा खुर्ची उचलायला लागले. तेव्हा माझ्या तोंडून गेलं, ‘वाट बघू नका हो. लंबू गेले.’

ते रडले, आणि मग पोटभर जेवले. मला सुटल्यासारखं झालं. ते मला फार गोड लागलं, भावोजी. दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं, तिसऱ्या दिवशीही तेच.

आणि बिल्लेसाहेबांना तुमचं पूर्ण नाव मीच दिलं. यांना नुसतं लंबू आठवत होतं. तुम्हाला गावाने मारलेलं नाही, मी मारलंय.

पण मैदानात उभं राहून तुमच्या नावाने हजर म्हणणं माझ्याने व्हायचं नाही. रागवायचं तर रागवा, तोंडावर येऊन रागवा. सुट्टीचे तीन दिवस, पुढचा शुक्रवार ते रविवार, कधीही या.

वहिनी


१९ सप्टेंबर, शुक्रवार

भावोजी,

हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय. तो तुमच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ठेवून देईल आणि तुमच्याकडे निरोप धाडेल. पोस्टावर सोडलं तर सोमवार उजाडेल.

आज सुट्टीचा पहिला दिवस. सकाळी यांना घेऊन न्हाव्याकडे गेले. न्हाव्याने यांचे केस कापले, मानेवरचे झटकले आणि आरसा मागे धरून विचारलं, ‘ठीक आहे ना, साहेब?’ हे आरशात बघून म्हणाले, ‘लंबूचे पण कापा, तो मागे उभा आहे.’ न्हावी वस्तरा पुसत राहिला. मागे कोणीच नव्हतं.

परत येताना मुख्य रस्त्याने आलो, तिथेच चुकलं. माझ्या डोक्यात दुधाची पिशवी होती. चष्मेवाल्याच्या काचेपाशी हे थांबले. फोटोकडे बराच वेळ बघितलं, मग आपला उजवा हात वर करून बघितला.

‘हा हात माझा आहे,’ म्हणाले.

मी म्हटलं, ‘हो.’

‘मग मी का नाही त्याच्याजवळ?’

आणि तिथेच रस्त्यात बसले. चष्मेवाला स्टूल घेऊन धावत आला, पाणी आणलं. समोरच्या दुकानातून दोघं आले आणि मान खाली घालून उभे राहिले. शाळेच्या मुलींची एक रांग कागदी फुलं घेऊन चालली होती, त्यांच्या बाईंनी रांग थांबवली. भावोजी, मी तिथे ओरडून सांगायला हवं होतं, की अहो, हा फोटोतला माणूस चार तासांच्या अंतरावर जिवंत आहे आणि बहुधा आत्ता दाढी करत असेल. पण चष्मेवाल्याचे डोळे भरून आले होते. त्याने यांचे बूट पुसले, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या चांगुलपणापुढे खरं बोलायचं तरी कसं? लोक वाईट असते तर सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी आठला हजेरी. मागचं फाटक उघडं असतं, तुम्हाला माहीत आहे. स्टेजवर येऊ नका, गुच्छ घेऊ नका, कोणाशी बोलू नका. नुसते दिसा. यांना तुम्ही दिसलात की झालं, पुढचं सगळं मी बघते. गावात माझी छी-थू झाली तरी चालेल.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

वहिनी


२३ सप्टेंबर, मंगळवार

भावोजी,

तुम्ही लगेच वळून गेलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. ते सांगायला हवं म्हणून लिहिते.

यांना एकट्याने उभं राहवत नाही, म्हणून यंदा स्टेजवर मीही होते, दंड धरून. घरी चहाचा कप कुठे ठेवला ते न आठवणारा माणूस माइकसमोर उभा राहिला आणि नंबरासकट एकेक नाव घेत गेला, एका अक्षराची चूक नाही. बेकरीवाल्या बाई ओरडल्या. पोस्टमन ओरडला. न्हावी, चष्मेवाला, सगळे आपापल्या वेळेला बोलले. मग तुमची पाळी आली. ना नंबर, ना पूर्ण नाव. यांनी नुसतं म्हटलं, ‘लंबू.’

एवढ्या मैदानात कोणीही हसलं नाही.

बिल्लेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. हो, उघडलं, लिहिताना लाज वाटते, पण म्हणणार होते मी. तेवढ्यात यांनी पुन्हा म्हटलं, ‘लंबू.’ आणि मागून, फाटकाकडून, तुम्ही म्हणालात, ‘हजर.’

तुमचा आवाज मी सहा वर्षांनी ऐकला. जरा बसलाय. सर्दी असेल तर औषध घ्या.

यांनी माइकवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. ‘ऐकलंस? कोण बोललं ते?’

मी म्हटलं, ‘लंबूच बोलले.’

‘हो ना? मला वाटलं मलाच भास झाला.’ यांचा सगळा चेहरा उजळला होता. ‘अगं, इतकी वर्षं घरचे लोक ओरडतात, ते काय मला कळत नाही? पण हा स्वतः बोलला. किती लांबून यावं लागलं असेल त्याला.’

मी म्हटलं, ‘अहो, जिवंत आहेत ते! मागे बघा, ते बघा, चाललेत.’ खरंच म्हटलं, भावोजी, अगदी हेच शब्द. वाटलं तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण म्हटलं.

यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, ‘हो गं. अशी माणसं मरतात का कधी?’

मग म्हणाले, ‘म्हणजे माझ्यावर रागावून नाही गेला तो.’

आणि पुढचं नाव घेतलं.

भांडण विसरले असं मी तुम्हाला लिहिलं होतं. मला काय कळलंय त्यांच्यातलं, देव जाणे.

तुमची पाठ मला दिसत होती. सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसते ती. तुम्ही फाटकातून वाकून बाहेर पडलात. हाक मारली असती तर थांबला असतात, आणि हाक तोंडाशी आली होती. पण यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता आणि ते हसत होते. मला ते हसू मोडवलं नाही.

नंतर बिल्लेसाहेब धावत आले. ‘वहिनी, कोण हो ते? काय आवाज होता!’ मी म्हटलं, त्यांचे भाऊ असतील. ‘तरीच! मी पाहिलं ना मागून, उंची तीच.’ आता त्यांना भावाचा पत्ता हवाय, पुढच्या वर्षीच्या निमंत्रणासाठी. मी सांगितलं, फिरतीवर असतात, पायाला भिंगरी आहे त्यांच्या.

काल सकाळी यांनी डोळे उघडले, तेव्हा मी पलंगाच्या कडेला बसूनच होते. रोजचा प्रश्न येणार, रोजचं उत्तर द्यायचं. पण यांनी विचारलं नाही. उलट मलाच सांगितलं, ‘लंबूने हजेरी दिली, नाही का?’ मी म्हटलं, दिली. ‘मग झालं,’ म्हणाले, आणि चहात साखर कमी पडलीय म्हणून कुरकुर केली. रडले नाहीत. खुर्ची दारात नेली नाही. मी आत जाऊन पदर तोंडात धरून रडले, तो त्यांच्या वाटणीचा तास समजा. आज सकाळी पुन्हा तेच. बाकी सगळं विसरलेत, मैदान, माइक, गर्दी, चष्मेवाल्याची काच. तेवढं एक राहिलंय. डॉक्टर म्हणतात, असं का होतं ते सांगता येत नाही, आणि राहील किती दिवस तेही सांगता येत नाही.

तीन आठवडे मी या, या म्हणून तुमचा पिच्छा पुरवला. आता येऊ नका, भावोजी.

तुम्ही दारात उभे राहिलात तर ते तुम्हाला ओळखतील, याबद्दल मला आता शंका नाही. गळ्यात पडतील. तुम्ही चार दिवस राहाल, आणि मग जाल. जाणारच, तुमचंही तिकडे घर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना तुमचं येऊन गेलेलं आठवणार नाही. ते पुन्हा खुर्ची उचलतील, आणि मला पुन्हा रोज सकाळी ठरवावं लागेल तुम्हाला ठेवायचं की मारायचं. तेवढं बळ आता माझ्यात नाही. ज्याला तुम्ही तमाशा म्हणालात तिथे तुम्ही यांच्यासाठी आलात, एक शब्द बोललात, पाणीसुद्धा न पिता गेलात, आणि त्याची ही परतफेड करतेय मी. चूक की बरोबर मला कळत नाही. लेकीला विचारलं तर ती खरं सांग म्हणेल, डॉक्टर वाद घालू नका म्हणतील, आणि दोघंही फोन ठेवतील.

पत्रही टाकू नका. पोस्टमन ते यांच्याच हातात देतो आणि तुमचं अक्षर हे विसरलेले नाहीत.

बेकरीवाल्या बाई काल घरी आल्या होत्या. माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘सुरुवातीला जड जातं. मग सवय होते.’ त्या तुमच्याबद्दल बोलत होत्या. मी मान हलवली.

तुम्ही जिवंत आहात हे या गावात आता मला एकटीलाच माहीत आहे. मी ते कोणाला सांगणार नाही. तुम्ही तब्येतीला जपा.

वहिनी